एका बंडलाची शर्यत

आमच्या गल्लीत सत्काराचा पहिला फेटा जिंकलेल्याला बांधत नाहीत. पहिला फेटा पाठीराख्याचा. कबड्डीत जिल्ह्यात चमकलेली पोरगी असो की परीक्षा देऊन फौजदार झालेला पोरगा, आधी जिंकणारा आपलं माणूस हाताला धरून स्टेजवर आणतो. मग ती आई असेल, मामा असेल, नाहीतर रोज पहाटे दार वाजवून उठवणारी शेजारीण असेल. त्या माणसाच्या डोक्याला फेटा चढतो, हलगी कडाडते, गल्ली शिट्ट्यांनी दणाणते, आणि मग जिंकलेल्याची पाळी येते. परवाच मंडळाच्या पोरांचा फोन आला. "मंगलाक्का, औंदा अकरा पोरं हाईत बघा! फेटे बांधायला तुमीच पायजे. बोर्डावर फोटो बी टाकलाय तुमचा." फोटो पाठवला त्यांनी मोबाईलवर. केस काळेभोर असतानाचा कुठला तरी जुना फोटो शोधून काढलाय. म्हटलं, असू दे, बरी दिसतेय. बाहेरून आलेले पाहुणे या रीतीचं नवल करतात आणि ही कुणी पाडली म्हणून विचारतात. दरवेळी मी हसून वेळ मारून नेते. पण आता लिहायलाच बसलेय, तर सांगून टाकते. ही रीत आमच्या घरातून निघाली, आणि ती माझ्या एका आगाऊपणामुळे निघाली.

मी तेव्हा दहावीत होते. निपाणीत आमचं दोन खोल्यांचं घर. आप्पा तंबाखूच्या वखारीत पोती उचलायचे, आई आणि आक्का घरी विड्या वळायच्या. घरात चौघंच माणसं, पण पाचवा माणूस म्हणजे तंबाखूचा वास. तो अंथरुणात असे, पुस्तकांत असे, सणाच्या पोळीलाही असे. आम्हाला तो कळायचा नाही. कोगनोळीची आत्या आली की मात्र उंबऱ्यातच तीन शिंका द्यायची आणि नाक पुसत म्हणायची, "पोचलो गं बाई निपाणीत!" सकाळी डोळे उघडायच्या आधी मला कात्रीचा आवाज ऐकू यायचा. रात्रभर ओल्या फडक्यात ठेवलेली पानं आई कापत असे, आणि तिच्या शेजारी मांडीवर सूप घेऊन आक्का बसलेली असे. पान उचलायचं, चिमटीनं तंबाखू पसरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं, टाकायची सुपात. पंचवीस झाल्या की एक बंडल. आक्का हे सगळं माझ्याकडे बघत, आईशी बोलत, मधूनच मांजराला हाकलत करायची. हाताकडे तिची नजर कधी जातच नसे.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण सुमन, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. चौथीत होती तेव्हा मला सांभाळायला म्हणून तिची शाळा सोडवली, आणि मी शाळेत जायला लागल्यावर तिला परत कुणी घातलं नाही. सूपच मांडीवर आलं. याबद्दल ती कधी एका शब्दानं बोलली नाही. माझी पाठ्यपुस्तकं मात्र ती माझ्याआधी वाचून काढायची आणि वर मलाच विचारायची, "ह्या अकबराचं पुढं काय झालं गं? पान फाटलंय हितलं." मी मोठ्या ऐटीत सांगायची. काय म्हणावं माझ्या त्या ऐटीला!

मी पळायची ते विड्यांमुळंच. तयार विड्या संध्याकाळी कारखान्यात वेळेत पोचवाव्या लागत, आणि आमच्याकडे रोज उशीर. मग आई माझ्या डोक्यावर विड्यांची बुट्टी ठेवून म्हणायची, "पळ!" एकदा अशीच एका हातानं बुट्टी धरून बाजारातून सुसाट चालले होते, तर शाळेचे चौगुले सर सायकलवरून मागं लागले. दोन गल्ल्या गाठताना त्यांची दमछाक झाली. "ए पोरी, थांब! कुठल्या शाळेची तू?" मी म्हटलं, "तुमच्याच की, सर. दहावी ब." सर कवायतीचा तास घ्यायचे आणि आम्हा मुलींना त्या तासाला वर्ग झाडायला लावायचे, तेव्हा त्यांना मी कशी माहीत असणार! पण माणूस दिलाचा मोठा. दुसऱ्या दिवशी थेट घरी आले. आप्पांना म्हणाले, बेळगावला जिल्ह्याच्या स्पर्धा आहेत, तीन हजार मीटरला पोरीला उतरवू. पहिली आली तर तिथल्या वसतिगृहात राहून पुढं शिकायची सोय होईल, ती जबाबदारी माझी.

 आप्पांनी भिंतीकडे बोट केलं. खुंटीवर एक नवंकोरं सूप लटकत होतं. ते त्यांनी गेल्याच आठवड्याच्या बाजारातून माझ्यासाठी आणलं होतं. दहावी झाली की मी आई आणि आक्काच्या शेजारी बसायचं, हे घरात ठरलेलं होतं. आप्पा म्हणाले, "सर, तुमी आलासा, लई बरं वाटलं. एकदा जाऊ दे तिला. पयली आली तर माझी ना न्हाय. पर दुसरी आली तरी ते सूप खाली यील. मग परत माझ्या दारात यायचं न्हाय." आप्पा वाईट नव्हते. घर दोन सुपांवर चालत नव्हतं, एवढंच. पण त्या दिवसापासून मी जेवायला बसले की समोर ते सूप दिसायचं.

सरावाचं सगळं आमच्या पद्धतीनं जमवलं. सरांनी सायकलच्या चाकाला लाल चिंधी बांधून आमच्या दारापासून माळावरच्या पाण्याच्या हौदापर्यंत फेरे मोजले. जाऊन येऊन बरोब्बर तीन हजार मीटर होईल अशी खूण घातली. पण वेळ कशी मोजायची? सराव पहाटेचा, आणि सर सदलग्याचे, त्यांची बस नऊला यायची. आमच्या घरात घड्याळ नव्हतं. शाळेतलं स्टॉपवॉच कधीचं बिघडून कपाटात पडलेलं. तेव्हा आक्काच म्हणाली, "मी हाय की. हिकडं ही सुटंल, तिकडं मी पयली विडी घीन. आली की मोजू किती झाल्या." सर हसले, पण मनगटावरचं घड्याळ काढून तिच्या समोर बसले. दहा विड्यांना बरोबर पाच मिनिटं लागली. परत बघितलं, परत पाच मिनिटं. सर खूश! "अर्ध्या मिनिटाला एक विडी. अहो, ह्या बाईचा हात म्हणजे घड्याळच आहे!" मग त्यांनी हिशोब घातला. गेल्या वर्षी बेळगावची जी मुलगी पहिली आली, तिला साडेअकरा मिनिटं लागली होती. म्हणजे तेवीस विड्या. "मंगल, तेवीस विड्यांच्या आत घरी यायचं. मग बेळगाव आपलं."

पहिल्या दिवशी मी आले तेव्हा सुपात सव्वीस विड्या होत्या. आठवड्याभरात पंचवीस झाल्या आणि तिथंच गाडं अडलं. मी आणखी लवकर उठू लागले, अनवाणी पायांना कांदा चोळू लागले. आक्का माझ्याआधी उठून आदल्या रात्रीची भाकरी चुलीवर कडक करून द्यायची, वर खर्डा आणि गुळाचा खडा. दुधाचं नाव नव्हतं, पण शेंगदाणे मात्र ती कुठून कुठून गोळा करून माझ्या दप्तरात घालायची. मला स्वतःला वाटायचं, आज मी वाऱ्यासारखी आले. हौदाजवळ कपडे धुणाऱ्या बायका ओरडायच्या, "अगं, कालच्यापरास लई जोरात चाललीस की गं!" आणि दारात येऊन सुपात बघावं तर पंचवीस. दुसऱ्या दिवशी पंचवीस. महिना झाला, पंचवीस. गल्लीतली पोरं मला "एक बंडल" म्हणून चिडवायला लागली. मी एकदा रडून धिंगाणा घातला. "तू मोजायला चुकतीस आक्के!" आक्काचा चेहरा एकदम कडक झाला. "माझा हात चुकंल, मोजणं चुकायचं न्हाय. पंचवीस म्हंजे पंचवीस." तिनं सुपातल्या विड्या माझ्यासमोर एकेक करून मोजल्या आणि मी तोंड फिरवून बसले.

बेळगावला गेले तेव्हा माझी सगळी आशा मेली होती, खरं सांगते. बसमध्ये सर धीर देत होते आणि मला डोळ्यांपुढं ते सूप दिसत होतं. मैदानावर बाकीच्या मुली बघितल्या. एकीच्या बुटांना खाली खिळे! मी म्हटलं, ही माती खणायला आली की पळायला? टेबलावर बसलेल्या साहेबांनी नाव लिहून घेतलं आणि कानडीत वेळ विचारली, "टायमिंग एष्टु?" मी घाबरत सांगून टाकलं, "इप्पत्तैदु बीडी." पंचवीस विड्या! साहेबांनी पेन खाली ठेवलं. शेजारच्या साहेबांना सांगितलं, ते त्यांच्या शेजारच्यांना, आणि टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हसू पसरलं. सर लाल झाले. मला मात्र त्या हसण्याचा असा राग आला की पायातली भीती पळाली.

साडेसात फेऱ्या होत्या. पहिल्या दोन फेऱ्या खिळेवाली पुढं, मी तिच्या मागं. मला वेगाचं काही कळेना, कारण इथं हौद नव्हता, चढ नव्हता, धुणाऱ्या बायका नव्हत्या. मग मी मनातच आक्काला दारात बसवली. पान, तंबाखू, वळ, दोरा, टाक. एक. पान, तंबाखू, वळ, दोरा, टाक. दोन. त्या तालावर पाय पडायला लागले आणि चौथ्या फेरीत मी खिळेवालीच्या पुढं होते. मागं वळून बघायची छाती नव्हती. शेवटच्या फेरीत सर मैदानात शिरून माझ्याबरोबर पळत होते, त्यांना दोघांनी धरून बाहेर काढलं. दोरी छातीला लागली तेव्हा दुसरी मुलगी अजून वळणावर होती. ज्या साहेबांनी पेन खाली ठेवलं होतं तेच पळत आले आणि माझ्या हाताला धरून म्हणाले, "दहा मिनिटं पन्नास सेकंद! याव ऊरम्मा निंदु?" कुठल्या गावची म्हणून विचारत होते. मी सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडले, "निपाणी!"

परतीच्या बसमध्ये सरांनी मला बेळगावचा गोड कुंदा खायला दिला आणि पिशवीतून एक नवं स्टॉपवॉच काढून दाखवलं. पुन्हा विड्यांवर हसं करून घ्यायचं नाही म्हणून शाळेसाठी घेतलं होतं. मग बोटांवर हिशोब करत बसले. संकेश्वर आलं तेव्हा एकदम म्हणाले, "मंगल, दहा-पन्नास म्हणजे जेमतेम बावीस विड्या होतात गं. तू तर पंचवीस म्हणत होतीस." मीही चमकले. एका दिवसात कुणी तीन विड्या भरून काढत नाही. मग सरळच होतं, आक्का चुकीचं मोजत होती! तीन महिने मला उगीच रडवलं! जिंकल्याचा आनंद डोक्यात गेला होता, त्यात हा राग मिसळला.

निपाणीत बातमी आमच्याआधी पोचली होती. स्टँडवर हलगी, गुलाल, अख्खी गल्ली. गल्लीत मंडळाच्या दोन टेबलांचं स्टेज, वर चादर. आमच्याकडे तेव्हा दोन फेट्यांची पद्धत होती, पहिला जिंकणाऱ्याला आणि दुसरा त्याच्या वडिलांना. फेटेवाला माझ्यापुढं येऊन अडलाच. पोरीला फेटा त्यानं जन्मात बांधला नव्हता. "वेण्या आत घेऊ का भाईर ठेवू?" म्हणाला. आई खालून ओरडली, "भाईर ठेव, दिसू देत!" मग आप्पांना फेटा बांधला.  ते माइकवर एवढंच म्हणाले, "सूप वर ऱ्हाईल," आणि खाली बसले. बाकीच्यांना काही कळलं नाही, मला सगळं कळलं. मी तिथंच ढसाढसा रडले.

इथंच थांबले असते तर बरं. पण माइक हातात आला आणि मी सुटले. मैदान सांगितलं, खिळे सांगितले, पंचवीस विड्या सांगितल्या, लोक हसून लोळले. त्या हसण्यानं मला आणखी चढलं. म्हटलं, "बावीस विड्यांत पळत होते मी! आमच्या आक्काला मोजताच येत न्हाय. चौथीत शाळा सोडल्यावर काय होणार?" लोक परत हसले. बायकांच्या घोळक्यातून आक्का उठली. तिचं तोंड तांबडं झालं होतं. आयुष्यात चारचौघांत न बोललेली माझी बहीण मोठ्यांदा म्हणाली, "माझं मोजणं चुकलं न्हाय. सर, तुमचं ते नवं घड्याळ काढा. आई, सूप आण माझं."  आईनं धावत जाऊन हाताला आलं ते सूप पानं-तंबाखू घालून आणलं. ते माझ्यासाठी आणलेलं, खुंटीवरचं नवं सूप होतं. आक्का स्टेजवर चढली, मांडी घातली, पदर खोचला. "एक बंडल वळतो. लावा."

सरांनी कळ दाबली. पहिली विडी पडली, दुसरी पडली. पाचव्या विडीला कुणीतरी मोजायला सुरुवात केली आणि दहाव्याला सगळी गल्ली मोजत होती. हलगीवाल्याला राहवेना, तो प्रत्येक विडीला एक थाप द्यायला लागला. आमच्या गल्लीत निम्म्या बायका विड्या वळणाऱ्या. त्यांना काय चाललंय ते इतरांआधी कळलं. त्या पुढं सरकल्या, तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. एक म्हातारी म्हणाली, "अगं बया, हिचा हात बघा, हात!" बावीस झाल्या, तेवीस झाल्या, मीही गळा फाडून मोजत होते. पंचवीस! सरांनी कळ दाबली. घड्याळाकडे बघितलं, आक्काकडे बघितलं, परत घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. माइकवर आले आणि म्हणाले, "दहा मिनिटं, अडतीस सेकंद." मग माझ्याकडे वळले. "मंगल, चूक माझी आहे. मी तीन महिन्यांपूर्वी एकदा मोजलं आणि तेच धरून बसलो. ही बाई तेव्हापासून रोज वाढतेय. तुझा वेग वाढला तसा हिचाही वाढला. ती बरोबर मोजत होती गं. पंचवीसच होत होत्या."

आक्का सुपातल्या विड्यांकडे बघत बसली होती. तिलाही हे आत्ताच कळत होतं. "मला काय ठावं," ती हळूच म्हणाली. "ही तिकडं पळतीय म्हटल्यावर हितं बसून मला निवांत वळवंना झालतं. हौदाजवळ पोचली असंल, वळली असंल, असं वाटायचं आन् हात पळायचा." मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. "म्हंजे मंगे, मी बी पळतच हुतो की गं!"

आप्पा उठले. डोक्यावरचा फेटा, बांधलेला तसा, दोन्ही हातांनी उचलला आणि आक्काच्या डोक्यावर ठेवला. फेटा मोठा झाला, तिच्या कपाळावर आला. हलगी जी सुटली म्हणता, थांबायलाच तयार नाही! बायका स्टेजवर चढल्या, टेबलाचा एक पाय मोडला. मी आक्काच्या पायाशी बसून तिची बोटं धरून माफी मागत होते. ती म्हणत होती, "सोड गं, बंडल बांधायचं ऱ्हायलंय."

पुढच्या सत्कारापासून मंडळानं पहिला फेटा पाठीराख्याचाच ठरवला. मी बेळगावला गेले, शिकले, कवायतीची शिक्षिका झाले, वर्ग झाडायला कुणाही पोरीला लावलं नाही. आक्का त्याच गल्लीत नांदली आणि ते नवं सूप पुढं कितीतरी वर्षं तिच्याच मांडीवर राहिलं. मी सुटले, ती सुटली नाही. हे मला आजही टोचतं, आणि टोचायलाच पाहिजे. आता तिची बोटं वाकडी झालीत, चहाचा कप दोन्ही हातांनी धरते. पण सत्काराच्या दिवशी नवी साडी नेसून सगळ्यांच्या आधी पहिल्या रांगेत हजर! मंडळाची पोरं पहिल्या पाठीराख्याला स्टेजवर घेतात, मी फेटा हातात घेते, माइक सुरू असतो, आणि नेमकी तेव्हाच आक्का खालून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारते.

"मंगे, किती सेकंदानं गं?"

आणि मला दरवर्षी माइकवर कबूल करावं लागतं, "बारा, आक्का. तुझे दहा-अडतीस, माझे दहा-पन्नास. बारा सेकंदानं तू पुढं."